यंत्राला वजन सांगतो कोण?

मा. संपादक,
स. न.

‘विमान पूर्णपणे संगणकाच्या हाती द्या, म्हणजे पायलटच्या चुका संपतील’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. अहमदाबादच्या अपघातानंतर हा सूर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. पत्रलेखकाची तळमळ खरी आहे, पण उड्डाणाच्या बाबतीत तरी हा उपाय मला पटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक प्रवासी विमानांत आजही उड्डाणाच्या वेळी नाक उचलण्याचे काम पायलटच हाताने करतो. ऑटोपायलट लावतात तो जमीन सुटल्यावर. संगणकाचे खरे काम त्याच्याही आधी होऊन गेलेले असते. वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी हे आकडे भरले की किती ताकद लावायची आणि कोणत्या वेगाला नाक उचलायचे, हे तो काढून देतो. इंजिनाची झीज वाचावी म्हणून बहुतेक वेळा पूर्ण ताकद लावतच नाहीत, गरजेपुरतीच लावतात. आणि ही गरज ठरते मुख्यतः वजनावरून.

20 मार्च 2009 रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबससाठी हे गणित करताना 362.9 टनांऐवजी 262.9 टन असा आकडा भरला गेला. संगणकाने इमानेइतबारे शंभर टन हलक्या विमानाचा हिशेब करून दिला. शेपूट धावपट्टीवर घासले, धावपट्टी संपली तरी विमान धड उचलेना. कॅप्टनने ऐनवेळी पूर्ण ताकद दिली म्हणून 275 माणसे वाचली. चूक माणसाची, सावरलेही माणसानेच. तपासून पाहण्याची पद्धत होती, पण गडबडीत त्या पायऱ्या सुटल्या.

माद्रिदला 20 ऑगस्ट 2008 रोजी मात्र कोणी सावरू शकले नाही. स्पॅनएअरचे विमान पंखांचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही जास्त उचल देणाऱ्या झडपा, न उघडताच धावले. अशा वेळी ओरडणारा भोंगा विमानात होता, तो वाजलाच नाही. फ्लॅपची तपासणी यादीत होती, ती तोंडाने उरकली गेली. 154 जण गेले.

आपल्या शहरातल्या चिकलठाणा विमानतळावरचा 26 एप्रिल 1993 चा अपघात या संगणकी जमान्याच्या आधीचा. उन्हाळ्याची दुपार, मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे भरलेले बोइंग. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. त्यात नाक उशिरा उचलले गेले, तेही चुकीच्या पद्धतीने. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग जमिनीपासून सुमारे सात फुटांवर त्याला धडकले, पुढे विमान उच्चदाबाच्या तारांना लागून कोसळले. 118 पैकी 55 जण दगावले. चौकशीत वैमानिकांना दोष दिला गेला, पण त्याच्या जोडीला विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली नाही म्हणून राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणालाही. शहरात मात्र आजही पायलटचे नाव निघते, नाहीतर ट्रकवाल्याला शिव्या बसतात. रस्ता बंद करणे हे त्याचे काम होते का? आजचा संगणक तिथे असता तर नाक कधी उचलायचे तो वेग त्याने बिनचूक सांगितला असता. ट्रकचा त्याला पत्ताही नसता.

मी वीज मंडळात उभी हयात काढली. लाइनमन खांबावर चढण्याआधी लाइन बंद करून काम करण्याचे परमिट घेतो. फीडरचे, म्हणजे त्या वीजवाहिनीचे, नाव तो सांगतो, सबस्टेशनवरचा ऑपरेटर तेच परत म्हणतो, मग लाइन बंद होते. सही-शिक्का झाला तरी जुना लाइनमन तारेला हात लावत नाही; आधी तिच्यावर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडणारी दांडी, टाकतो. बंद म्हणून लिहिलेली लाइन खरेच बंद आहे का, हे त्याला त्या तारेकडूनच कळायला हवे असते. विमानाच्या वजनाला असा रॉड कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. कागदावरचा आकडा संगणकात, संगणकातला पुन्हा दुसऱ्या संगणकात. सगळे एकमेकांशी जुळले तरी मूळ आकडाच चुकलेला असू शकतो.

उपाय नाही असेही नाही. धावताना वेग अपेक्षेप्रमाणे वाढतो आहे की नाही, हे ताडून पायलटला इशारा देणारी यंत्रणा एअरबसने आपल्या काही नव्या विमानांत दिली आहे. अशा यंत्रणेला माझा विरोध नाही, उलट हीच हवी. पायलटला बाजूला न सारता त्याच्या गणितावर शंका घेणारी.

चिकलठाण्याची धावपट्टी वाढवण्याच्या बातम्या आपण नेहमी छापता. भूसंपादनाचा मोबदला, मोजणी, सगळे त्यात येते. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने तिथल्या अधिकाऱ्यांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. वाढीव धावपट्टीच्या टोकापलीकडे कोणता रस्ता आणि कोणत्या तारा येतात? आणि इथे येणाऱ्या किती विमानांत ही इशारा देणारी सोय आहे? उत्तर मिळो न मिळो, प्रश्न तेवढा छापावा.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सिडको, छत्रपती संभाजीनगर