झेंडा नको, सावली द्या: भीमेकाठच्या सायकल वारीसाठी खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार आणि राम कृष्ण हरी.

आषाढीला मुंबईहून सायकलने पंढरपूरला जाणाऱ्या आमच्या ग्रुपतर्फे हे पत्र लिहितेय. निघायचे दिवस जवळ आले की आमच्यातलं कुणीतरी म्हणतंच, यंदा मंत्र्यांना बोलवूया, झेंडा दाखवतील, पेपरात फोटो येईल, पर्यावरणाचा संदेश चार लोकांपर्यंत जाईल. तर मी आधीच सांगून टाकते, झेंडा दाखवायला येऊ नका. तुमच्यावर राग आहे असं अजिबात नाही. पण झेंडा आला की स्टेज येतं, स्टेजमागे स्पीकर, जनरेटर, फ्लेक्स, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, गाड्यांची रांग, आणि आम्ही ज्यासाठी पेडल मारायला निघालोय ते ठाण्याच्या आतच संपतं. आम्हाला तुमच्याकडून जे हवंय ते रस्त्यावर हवंय, थेट पंढरपूरपर्यंत.

आधी आमची वाट सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मुंबईचे बरेचसे सायकलवाले बोरघाट चढून पुण्याला जातात आणि तिथून सोलापूर हायवे धरतात, सरळ रस्ता, लवकर पोचतो. आम्ही माळशेजने जातो. कल्याण, मुरबाड, टोकावडे, मोरोशी, मग घाट, वर ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे धरणाच्या कडेने भीमाशंकर. तिथे दर्शन घ्यायचं आणि वाडा, राजगुरूनगर करत खाली उतरायचं, तुळापूर, दौंड, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, पंढरपूर. लांब पडतं, कबूल. पण भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात आणि पांडुरंगाच्या पायाशी चंद्रभागा म्हणून वाहते ती हीच, म्हणजे बहुतेक वाट आम्ही एका नदीच्या सोबतीने जातो. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, याच आंबेगाव तालुक्यातला हा माणूस मुंबईत गिरणीत कामाला आला आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला, तिथे थांबल्यावर आमच्यातले परळ-लालबागचे लोक जरा जास्त वेळ थांबतात.

लोक विचारतात यात क्लायमेट कुठे आलं, सायकल चालवली की झालं का पर्यावरण? मला वाटतं या वाटेवर ते समजावून सांगावं लागत नाही, दिसतं. घोडेगावच्या पुढे डोंगराकडे बघितलं की माळीण आठवतं, ३० जुलै २०१४, रात्रभर पाऊस आणि सकाळी अख्खी वाडी चिखलाखाली, दीडशेहून जास्त माणसं गेली. मग २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये, १९ जुलै २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. सगळं सह्याद्रीतच आणि सगळं वारीच्या आगेमागे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, अरबी समुद्र तापतोय आणि तिथून येणारं बाष्प एकाच झटक्यात खाली येतंय. आणि २०२५ ला तर मान्सून मुंबईत २६ मे लाच हजर, त्याआधीच्या पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर कधीच नाही, नेहमीची तारीख ११ जून. मुंबईत आपली ऑफिसला जायची पंचाईत झाली, पण वाटेवर जो शेतकरी भेटला त्याच्या तोंडी एकच, शेताची मशागतच झाली नाही तर पेरायचं कधी. पेरणी उरकून वारीला निघायचं ही शेकडो वर्षांची घडी आहे, पाऊस तारखा बदलायला लागला तर ती घडीच मोडते. हे मला कुठल्या परिषदेत कळलं नाही, ओतूरच्या पुढे एका टपरीवर चहा पिताना कळलं.

आता माळशेजबद्दल. पावसात तो घाट किती सुंदर असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण सायकलवरून तो चढताना कान सतत वर असतात. गाडीत बसलेल्याला काच असते, गाणी असतात. आम्हाला वरून खडा सुटला तरी ऐकू येतो आणि ऐकू आलं तरी पळणार कुठे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागून नगरकडे जाणारा ट्रक हॉर्न देत येतोय, शनिवार-रविवार असेल तर धबधब्याखाली उभ्या केलेल्या गाड्यांनी अर्धा रस्ता खाल्लेला. हवामान खातं हल्ली पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, फार चांगली गोष्ट आहे ती. पण तो इशारा मोरोशीत, जिथून माणूस घाट चढायला सुरुवात करतो तिथे, कुठेच लिहिलेला नसतो. टपरीवाल्याला विचारा, तो आभाळाकडे बघून सांगतो, आणि खरं सांगते, आजवर आम्ही त्याच्याच भरवशावर चढलोय. घाटाच्या माथ्यावर एक पर्जन्यमापक आणि पायथ्याला एक ठळक बोर्ड, आज किती पडला, घाट चालू की बंद, एवढं करायला किती खर्च आहे? दुचाकीवाले, एसटीचे ड्रायव्हर, दूधवाले, भाजी घेऊन कल्याणला जाणारे टेम्पो सगळ्यांनाच ते लागणार आहे, आम्ही तर वर्षातून एकदा जाणारे.

घाट संपला की उलटं दुखणं सुरू होतं आणि मुख्य म्हणजे त्यासाठीच मी लिहायला बसले. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून एक-दीड दिवस पेडल मारलं की दौंड-इंदापूर, तिथे पाचशेच्या आसपास. एकच नदी, एकच जिल्हा. पश्चिमेचा वारा पाठीवर असतो त्यामुळे सायकल पळते छान, पण ढग नुसते वरून जातात आणि ऊन असं लागतं की जून-जुलै आहे यावर विश्वास बसत नाही. आणि रस्ता उघडा. रुंदीकरणात कडेची मोठी झाडं गेली, त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. कण्हेरीची सावली कुणावर पडते? भिगवणच्या पुढे आमच्यातल्या एका काकांना ऊन लागलं, डोळ्यापुढे अंधारी आली, आम्ही त्यांना धरून सावली शोधत चालत निघालो आणि रस्त्यालगत एक झाड मिळेना. शेवटी आत एका वस्तीवर चिंच होती, तिथल्या आजींनी काही न विचारता बाज टाकली, ताक दिलं, ओला टॉवेल दिला, वर म्हणाल्या, माऊली, पूर्वी इथं रस्त्याला वड होते, आमचं येणंजाणं सावलीतनंच व्हायचं. काका तासाभराने उठून बसले. त्या दिवशी त्याच रस्त्याने पायी चाललेल्या एका छोट्या दिंडीत सत्तरीच्या पुढच्या बायका होत्या, त्यांच्याकडे ना हेल्मेट ना ओआरएस, डोक्यावर तुळस आणि पायात प्लॅस्टिकची चप्पल.

म्हणून मागणी ही. भीमाशंकर ते पंढरपूर या भीमेकाठच्या रस्त्याला सायकल आणि पायी वारीची वाट म्हणून जाहीर करा आणि तिच्यावर सावली उभी करा. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, करंज, जांभूळ, ही या मातीतलीच झाडं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आम्हाला कोटी नकोत, आम्हाला एक रस्ता हवाय ज्यावर लावलेलं प्रत्येक झाड पुढची काही वर्षं कुणीतरी जगवेल. ते कोण जगवेल हेही वाटेवरच्या गावांशी बोलून बघितलंय. टँकरचं पाणी आणि जाळी मिळाली तर बचत गटातल्या बायका तयार आहेत, मजुरी मात्र वेळेवर द्यावी लागेल. आणि रोपाशेजारीच थोड्या थोड्या अंतरावर पिण्याच्या पाण्याचा नळ, कारण नळ नसला की बाटली येते, आणि वारी पुढे गेल्यावर त्या बाटल्या कुठे जातात ते उजनी धरणाच्या काठावर जाऊन कुणीही बघावं.

नदीचंही बोलते, थोडक्यात, कारण हे तुम्हाला माहीतच आहे. वर चासकमान धरणाला हात घालून तोंड धुवावं असं पाणी असतं. तुळापूरला इंद्रायणी येते, पुढे मुळा-मुठा पुण्याचं सगळं घेऊन मिळते, दौंडला पोचेपर्यंत नाकाला रुमाल. नदी स्वच्छ करायचं नमामि चंद्रभागा अभियान २०१६ च्या बजेटमध्ये जाहीर झालं. पंढरपुरात आंघोळ करणाऱ्या माणसाला त्याचं काय झालं हे विचारायचा हक्क आहे, म्हणून विचारतेय.

हे सगळं अशक्य कोटीतलं नाही. अवघड वाटेने सायकलयात्रा आणि सोबत पर्यावरणाचं काम असं दुसरीकडेही चाललंय, २०१६ मध्ये द्रुकपा पंथाच्या सुमारे पाचशे भिक्खुणी काठमांडूहून लेहपर्यंत हिमालयातून चार हजार किलोमीटर सायकलवर गेल्या, गावोगावी मुलींबद्दल आणि पर्यावरणाबद्दल बोलत. आणि आपल्याकडे तर वाट आधीपासून आहे, माणसं आधीपासून चालतायत. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात कडेने वारकऱ्यांना चालायला वेगळी पट्टी ठेवायचं केंद्राने २०२१ मध्ये भूमिपूजनाच्या वेळीच ठरवलं होतं. वारीत फिरती शौचालयं पूर्वी नव्हती, आता असतात. ठरवलं तर होतं.

परतीचा प्रश्न तुमच्या खात्याचा नाही हे माहितीये, तरी परिवहनवाल्यांच्या कानावर घाला. पंढरपूरहून सायकल घेऊन मुंबईला यायचं तर एसटीच्या बऱ्याच नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतो, कंडक्टर बिचारा काय करणार, शेवटी सगळ्यांच्या सायकली टेम्पोत घालून डिझेल जाळत परत येतो, आणि ते मनाला लागतं.

आम्ही कोण? डोंबिवलीचे शिक्षक, भांडुपचा एक इलेक्ट्रिशियन, बँकेतल्या आम्ही दोघी, एक रिटायर्ड बीएमसीवाले काका, कॉलेजची काही पोरं. मुंबईने २०२२ च्या मार्चमध्ये क्लायमेट ॲक्शन प्लॅन काढला, २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घ्यायचा, असं म्हणते, त्यात आम्ही आमच्या परीने रोज स्टेशनपर्यंत सायकल चालवून भर घालतोच. पण गाव सोडून मुंबईत आलेली कितीतरी माणसं कुठल्या तरी घाटापलीकडची आहेत, तिकडचं ऊन आणि तिकडचा पाऊस बिघडला तर इथे बसून आकडे जुळवून उपयोग नाही.

तुम्हाला यायचंच असेल तर जरूर या, पण घोडेगाव ते भीमाशंकर सायकलवर या, ताफा मंचरला ठेवून. जास्तीची सायकल आम्ही आणतो, चढाला सोबत हळू चालवू, माळीणच्या फाट्यावर थांबू.

आणि उत्तर कृपया फेब्रुवारीच्या आत द्या. बजेट मार्चमध्ये असतं, खड्डे मे मध्ये खणावे लागतात, आणि आता पाऊस मे अखेरीलाही येतो, रोपं तोवर नर्सरीत तयार नसली तर अख्खं वर्ष जातं. वाटेवरच्या गावांची यादी आणि कुठल्या गावात कोण पाणी घालायला तयार आहे ते सोबत जोडलंय.

आपली,
मुंबईची एक सायकल वारकरी