लेझीमच्या सरावात नवख्यांनाही जागा द्या

मा. संपादक,

गणेशोत्सव जवळ आला की सोलापुरात ठिकठिकाणी लेझीमचा सराव सुरू होतो. मात्र आमच्या मंडळात यंदाही बहुतेक तीच जुनी मंडळी आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे (माझेही) खाली बसून करायच्या डावांना नकार देऊ लागले आहेत. याचे खापर डीजेवर फोडणे सोपे आहे, पण दोष आमच्याकडेही आहे. नोकरीनिमित्त शहरात आलेला एक तरुण दोन संध्याकाळी भिंतीलगत उभा राहून पाहत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती लेझीम देऊन आम्ही त्याला थेट हलगीच्या द्रुत ठेक्यावर मागच्या रांगेत उभे केले. साखळीत त्याचे बोट चिमटले, शेजारचे हसले आणि तो पुन्हा फिरकला नाही.

सरावाचा पहिला अर्धा तास संथ ठेक्यावरील दोन-तीन सोप्या डावांसाठीच राखावा, प्रत्येक नवख्याच्या शेजारी एक जाणता गडी द्यावा आणि मुली-महिलांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी, अशी सर्व मंडळांना विनंती आहे. जादा लेझीम आमच्या कपाटात आहेतच. त्यांच्या चकत्यांवर गंज चढू लागला आहे.

– एक वाचक, सोलापूर