गच्चीला कठडा लागतो, स्विमिंग पूलला का नाही?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी लोणावळ्यातल्या त्याच बंगल्यावरून गेले. भाड्याने उतरलेलं दुसरं कुटुंब, काठावर दोन लहान मुलं, आणि स्विमिंग पूलभोवती अजूनही कुंपण नाही. माझ्या पायातलं बळच गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत माझी सव्वातीन वर्षांची नात तिथे पाण्यात पडली. हॉलचं सरकतं दार थेट पाण्यावर उघडतं. घरात आम्ही सात मोठी माणसं, कुणालाच आवाज आला नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, साहेब. सुनेने बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. चार दिवस आयसीयूत होती. पोर वाचली, पण अजून बादली पाहिली की अंग आखडून घेते. मी रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरते.

तक्रार केली तेव्हा कचेरीत सांगितलं, 'पंधरा दिवसांत सगळ्या बंगल्यांची पाहणी करतो.' सहा महिने झाले! कुंपणाचा नियम दाखवा म्हटलं, तर कुणी दाखवेना. मालकाने मात्र पाटी लावली, 'मुलांची जबाबदारी पालकांची'. गच्चीच्या कठड्याची उंची नियमात मोजून लिहिता, मग पाण्याच्या काठाला का नाही?

ऑस्ट्रेलियात घरच्या पूललाही निदान १.२ मीटर उंचीचं कुंपण लागतं. फाटक बाहेर उघडणारं, सोडलं की आपोआप मिटून कडी लागणारं. फ्रान्सने २००३ सालीच कायदा केला : कुंपण, झाकण, छप्पर, अलार्म, यांतलं एक तरी हवंच, नाहीतर ४५,००० युरोंपर्यंत दंड. इथे रात्रीचे वीस-पंचवीस हजार घेणाऱ्याला जाळीचं एक फाटक परवडत नाही?

आणि नुसते बंगलेच कशाला? २०१६ पासून मागेल त्याला शेततळं दिलंत. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या लेकराला वर चढता येत नाही. अनुदान देताना कुंपण किती ठिकाणी पाहिलंत? केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या अपघातांवर आराखडा काढला, तो तालुक्याला कधी पोचणार? पोर गेलं की पंचनामा, 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद, आणि फाइल बंद. आम्ही कर कशासाठी भरतो?

मे महिना आहे, बंगले भरलेत. नियम कराल तेव्हा करा. तोवर भाड्याच्या ज्या बंगल्यात कुंपण नाही, तिथला पूल रिकामा करायचा हुकूम या आठवड्यात काढा.

आपली,
एक आजी, पुणे