बाबा, पहिला आठवडा डॉक्टरांकडे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आधी निर्णय सांगते, मग हवं तेवढं रागवा. दारू सोडवण्यासाठी सोमवारी सकाळी तुम्हाला आठवडाभर हॉस्पिटलात दाखल करायचं ठरवलंय. खोली सांगून ठेवली आहे, आईची झोपायची सोयही तिथेच. न विचारता ठरवलं हे खरं. नको म्हणालात तर जबरदस्ती कुणी करणार नाही, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

माझी मी घरीच सोडतो म्हणता, आणि तुमच्याने होणार नाही असं मी म्हणत नाही. स्वतःच्या बळावर सुटणारे खूप असतात. सिगारेट सोडलेले बहुतेक जण तसेच सुटले, तुम्हीसुद्धा. व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शंभरात पाचच्या आसपास, आणि बहुतेकांनी उपचार घेतलेच नव्हते. पण त्यांची जागा बदलली होती, संगत बदलली होती. तुमची खुर्ची तीच आहे आणि संध्याकाळचे सातही तेच.

शिवाय दारूचं वेगळं आहे, बाबा. सिगारेट तोडली तर चिडचिड होते, जीव जात नाही. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जाऊ शकतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू थांबली तरी तो जोर लगेच थांबत नाही. सहा ते बारा तासांत हात कापतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान, काहींना भास, ताप, असंबद्ध बडबड सुरू होते. लोक फसतात ते इथेच, पहिला दिवस निभावला म्हणून निर्धास्त होतात. आणि दर खेपेला हा त्रास आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. मागच्या वेळी कप दोन्ही हातांनी धरूनही बशीवर कसा वाजत होता, ते आई विसरलेली नाही. यात मनोधैर्याचा काही संबंध नाही.

तिथे मेंदू शांत ठेवणारी क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी देतील, लिव्हर थकलं असेल तर त्याच जातीची लोराझेपाम. कंप, घाम, नाडी बघून डोस ठरतो आणि पाच-सात दिवसांत उतरवत आणतात. हीच गोळी घरी दारूवर घेतली तर श्वास मंदावतो, म्हणून कुणाकडून मागवू नका. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शनही देतील. जेवण तुटलेल्या माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला, स्मरणशक्तीला इजा होऊ शकते. रोज किती घेता ते डॉक्टरांना खरं सांगा. कमी सांगितलंत तर औषध कमी पडेल.

उशी, रेडिओ, वाचायचा चष्मा, सगळं बॅगेत येईल. खिडकीजवळचा पलंग मागितलाय. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचात ना बाबा? या वेळी ते मला करू द्या.

आई, तुझ्यामुळे यातलं काहीही झालेलं नाही. सोमवारपर्यंत बाटल्या मोरीत ओतू नकोस; नेहमीपेक्षा जास्त नको, पण एकदम बंदही नको. फिट आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस आणि लगेच अँब्युलन्स बोलव. भास किंवा ताप दिसला तरी सोमवारची वाट बघायची नाही. आणि कुणी दिलेली ती दारू सोडवायची पावडर जेवणात गुपचूप मुळीच मिसळू नकोस. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असेल आणि वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. ते औषध माणसाने स्वतः, समजून घ्यायचं असतं.

आठवड्यानंतरचं मात्र तुमच्या हातात, बाबा. पुन्हा दारूकडे वळू नये म्हणून नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट हे औषध घ्यायचं का, दारू सोडलेल्यांच्या बैठकांना जायचं का, की तुमचं तुम्हीच निभावायचं, ते तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही. फक्त सात वाजता त्या खुर्चीत बसू नका, चालायला बाहेर पडा. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते.

लिव्हरचे जुने रिपोर्ट आणि आईच्या बीपीच्या गोळ्या बॅगेत वरच ठेवा. रविवारी रात्री पोचते.

तुमची,
छकुली