औषध दुकानांचा वस्तीनिहाय आढावा घ्या

संपादक महोदय,

परळला केईएम, वाडिया, टाटा या रुग्णालयांभोवती मेडिकलच्या रांगा आहेत. तिथे एका दुकानात औषध नसेल तर शेजारच्यात मिळते. माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत किंवा गोवंडी-मानखुर्दच्या आतल्या गल्ल्यांत तशी सोय नाही. गोराई-मनोरीला तर फेरीबोट बंद झाली की उत्तन-भाईंदरचा वळसाच उरतो.

औषध विक्रीच्या परवान्याच्या नियमांत एखाद्या वस्तीला किमान किती दुकाने हवीत, हे कुठेच नाही. जागा दुकानदार निवडतो आणि तो नर्सिंग होम किंवा स्टेशन पाहूनच निवडणार, कारण चिठ्ठी जिथे लिहिली जाते तिथेच औषध खपते. किरकोळ परवान्याला किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट जागा लागते. झोपडपट्टीतली दहा बाय दहाची खोली इथेच हुकते. पुढे जागेची कागदपत्रे, फ्रिज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट. हे नियम सैल करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरिबांच्या वस्तीत फार्मासिस्टशिवाय औषधे विकली जाणे हे दुकान नसण्याइतकेच घातक आहे. पण पुनर्वसनाच्या इमारतींत तळमजल्याला गाळे असतात. त्यातला पुरेशा मापाचा एक गाळा रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवण्याच्या अटीवर, कमी भाड्याने मेडिकलला द्यायला काय हरकत आहे?

दुकान जवळ असले तरी प्रश्न संपत नाही. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाच्या चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिला आहे त्याऐवजी दुसरा देण्याची मुभा फार्मासिस्टला नाही, औषध तेच असले तरीही. मोठ्या दुकानात एकाच औषधाचे पाच-सहा ब्रँड असतात. लहान दुकानदार भांडवल अडकेल आणि एक्स्पायरी होईल या भीतीने एखाद-दुसराच ठेवतो, आणि माणूस रिकाम्या हाती परततो. मिरगीच्या रुग्णाचे दोन डोस असे चुकले तर झटका येऊ शकतो. यावर आजच करता येण्यासारखा उपाय म्हणजे डॉक्टरांकडून औषधाचे मूळ, जेनेरिक नाव मात्रेसह लिहून घेणे. मग कोणताही ब्रँड देता येतो, आणि जनऔषधी केंद्रातही तीच चिठ्ठी चालते.

इन्सुलिनचे दुखणे निराळे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. जिथे वीज वारंवार जाते तिथले दुकानदार ती ठेवायलाच कचरतात, म्हणून रुग्ण लांबून आणतात आणि वाटेत थेट बर्फावर ठेवतात. इथेच घात होतो. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे. बाटली कापडात गुंडाळून मगच बर्फाच्या डब्यात ठेवावी. घरीही फ्रीजरला चिकटून नको.

अन्न व औषध प्रशासनाकडे प्रत्येक परवानाधारकाचा पत्ता आहे. ते पत्ते वॉर्डच्या नकाशावर मांडून रात्री दहानंतर कोण उघडे असते, इन्सुलिन, दम्याचे इनहेलर आणि मिरगीच्या गोळ्या कोणाकडे नेहमी असतात, एवढे तपासायला फार खर्च येणार नाही. नुसत्या परवान्यांच्या आकड्याने परळची गर्दी आणि माहुलची टंचाई एकाच बेरजेत लपते. महापालिकेनेही आपल्या दवाखान्यांत ‘बाहेरून आणा’ म्हणून लिहून दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ठेवावी आणि ती दरमहा प्रशासनाला द्यावी. कोणत्या वस्तीत नेमके काय मिळत नाही, ते त्यावरून महिन्याभरात कळेल.

– काही नोंदणीकृत फार्मासिस्ट, चेंबूर