आई, तूही बाबांच्या ताटातलंच खा

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

आषाढात डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, ते फोनवर अर्धवटच सांगितलं. सोनोग्राफी, रक्त, सगळं तपासून त्या म्हणाल्या, पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम आणि पाळी विस्कटते तो आजार. गोळी लिहून दिली. दुकानात पाकीट हातात घेतलं तर मेटफॉर्मिन. बाबा, तुमच्या स्टीलच्या डब्यातली मधुमेहाची गोळी तीच! चुकून दिली असेल म्हणून मी परत जाऊन विचारलं, तेव्हा उलगडलं. माझं शरीर इन्सुलिन तयार करतं, पण ते नीट लागू पडत नाही, म्हणून जास्त जास्त करत राहतं. त्या जादा इन्सुलिननं अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी दोन-दोन महिने लांबते. आई, माझी मान काळी दिसते म्हणून तू डाळीचं पीठ लावून घासायचीस ना, तो मळ नव्हताच. याचंच लक्षण होतं.

तेव्हापासून इथं संभाजीनगरात मी बाबांच्या पथ्याचाच स्वयंपाक करते. ज्वारीच्या दोन भाकरी, घट्ट वरण, भरपूर पालेभाजी, जवसाची चटणी. आधी भाजी-वरण खाते, भाकरी मागून. भात सोडला नाही, मूठभर ठेवला. रविवारी हुलग्याची शेंगोळी. पीठ किती घट्ट मळतेस ते सांग, माझी रशात फुटतात. जेवल्यावर गच्चीत वीस मिनिटं चालते. वजन चार किलो उतरलं आणि मागच्या दोन्ही पाळ्या पस्तीस दिवसांच्या आत आल्या. गोळी चालूच आहे. बाबा, तुम्हीही मनानं बंद करू नका. आणि चहात गूळ चालतो म्हणता, तो चालत नाही. रक्तात साखरच वाढवतो. ज्वारीचंही तसंच, चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय. बाबांचं पथ्याचं वेगळं भांडं तू नेमानं चढवतेस आणि स्वतः सगळ्यांच्या मागून बसून रात्रीचा उरलेला भात परतून खातेस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? मला तूच आठवलीस. लग्नानंतर सहा वर्षं मूल नाही म्हणून लोक तुला काय काय बोलले, ते मावशीनं सांगितलंय. तू सोमवार धरलेस, गुरुवार धरलेस, साबुदाण्यावर दिवस काढलेस. बोलणारे पुष्कळ होते, तपासायला कुणी नेलं नाही. तुलाही हेच होतं का, ते आता कळणं अवघड आहे. पण असलं तर तो तुझा दोष नव्हता, आई. हे घराण्यात उतरतं आणि अशा बाईला पुढं मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून बाबा, पुढच्या वेळी लातूरला तपासणीला जाल तेव्हा आईलाही सोबत न्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करा म्हणावं, त्याला उपाशी राहावं लागत नाही. ती कामं पुढं करील, ऐकू नका.

येळवशीच्या अमावस्येला मी दोन दिवस आधीच येते. शेतावर भज्जीचं पातेलं मोठं चढवू, उंडे मी करते. आंबिल पोटभर, खीर तिघांनाही एकेक वाटीच. आणि त्या दिवशी आई आपल्यासोबत पंगतीला बसेल, वाढायला मी आहे.

तुमची,
ताई