झोप लागते का, एवढं तरी विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

४ फेब्रुवारीच्या कॅन्सर दिनाची तुमची पुरवणी वाचली. रोबोटिक सर्जरी, नवीन मशीन, तंबाखू सोडा, लवकर तपासून घ्या, सगळं बरोबरच आहे. पण पेशंटच्या मनाबद्दल अख्ख्या पुरवणीत एक चौकट, आणि तिच्यात काय तर 'सकारात्मक राहा, अर्धी लढाई तिथेच जिंकाल'. त्याच अंकात आतल्या पानावर कुणाच्या तरी निधनाची बातमी होती, हेडिंग 'कॅन्सरशी झुंज अपयशी'. हार्ट अटॅकने माणूस गेला तर तुम्ही 'हृदयविकाराने निधन' छापता, तिथे कुणाची झुंज अपयशी ठरत नाही. मग हरायची सक्ती आम्हालाच का?

आम्हाला म्हणजे मी. वय ५३, तोंडाचा कॅन्सर, डाव्या बाजूचा जबडा काढलाय, ऑपरेशनला चार वर्षं झाली. तंबाखू खायचो, चुना मळून, वीस वर्षं. हे आधीच सांगून टाकतो कारण भेटायला येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारायचा, 'खात होता का हो?' मी मान हलवली की त्याला जरा हायसं वाटायचं, म्हणजे हिशोब जुळला, आपल्याला काय होत नाही. आणि उठता उठता म्हणायचा, पॉझिटिव्ह राहा अण्णा. नाकात नळी, तोंडात टाके, पाणी पण गिळता येत नाही, पण पॉझिटिव्ह राहायचं. भीती वाटते असं कुणाला सांगावं तर घरचे म्हणणार, असा विचारच मनात आणू नका, म्हणजे विषय तिथेच बंद.

उपचार मुंबईला घेतले. हॉस्पिटलचं नाव देत नाही, डॉक्टरांबद्दल एक अक्षर वाकडं बोलणार नाही, ओपीडीला एवढी रांग असते की त्यांनी जखम बघायची का आमची रडगाणी ऐकायची. माझी फाईल दोन बोटं जाड आहे. तिच्यात रक्त, बीपी, स्कॅन, दर भेटीचं वजन, सगळं आहे. माझं वजन नऊ किलो उतरलं तेव्हा लगेच आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं, चांगलंच केलं. पण दर दोन तासांनी, रात्री अलार्म लावून, बायको नळीतून मला पातळ खाणं घालायची, तिचं आठ किलो उतरलं ते आम्हाला गावी आल्यावर गिरणीतल्या काट्यावर कळलं. ती गंमत म्हणून उभी राहिली होती.

धर्मशाळेत संध्याकाळी आम्ही सहा-सात जण कट्ट्यावर बसायचो, सगळे तोंडाचे नाहीतर घशाचे. बोलणं कुणाचंच नीट नाही, म्हणून कुणाकडे वही, कुणाकडे लहान पोरांची पाटी. बुलढाण्याकडचा एक माणूस होता, एक दिवस त्याने पाटीवर लिहिलं, 'झोप लागते का?' ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मी त्याच्याच पाटीवर लिहिलं, नाही. त्याने ते बोटाने पुसलं आणि लिहिलं, 'मला पण'. बास, एवढंच. त्या रात्री मला तीन तास सलग झोप लागली, का ते माहीत नाही.

मग लाईट सुरू झाली, आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात. ३० वेळा जायचं, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. तुमच्या पुरवणीत त्या मशीनचा फोटो होता पण मास्कचा नव्हता. आपल्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा प्लास्टिकचा मास्क बनवतात, तो चढवून टेबलाला घट्ट अडकवतात म्हणजे मान हलू नये, मग सगळे खोलीबाहेर जातात आणि दार लागतं. दुखत काहीच नाही. पण मला दरवेळी वाटायचं की आता हे मला विसरून घरी गेले. सोळा झाल्या आणि सतराव्या दिवशी मी गेलोच नाही, त्याच्या पुढच्या दिवशी पण नाही, बायकोला वहीत लिहून दिलं की मशीन बंद आहे. नंतर कळलं की या कॅन्सरमध्ये लाईटमध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशींना परत वाढायला वेळ मिळतो, ट्रीटमेंट जेवढी लांबेल तेवढा गुण कमी. म्हणजे सगळ्यांनी एवढा पैसा आणि मेहनत घातली ती मी एका भीतीपायी घालवायला निघालो होतो.

मशीनवरच्या मुलाने फोन करून बोलावून घेतलं आणि एका समुपदेशक ताईंकडे नेऊन बसवलं. त्यांनी थर्मामीटरचं चित्र पुढे केलं, ० ते १०, म्हणाल्या, गेल्या आठवड्यात जीवाची घालमेल किती झाली, बोट ठेवा. मी नऊवर ठेवलं. त्या म्हणाल्या, चार किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही सोडत नाही. मला वाटलं आता वेड्याच्या गोळ्या चालू. पण त्यांनी एक यादी दिली, पैसे, प्रवास, घरचे, झोप, भीती, त्यावर खुणा करायच्या. माझी पहिली खूण पैशावर, दुसरी प्रवासावर, भीतीवर खूण करायला मला पाच मिनिटं लागली. त्यांनी आधी सोशल वर्करकडे पाठवलं, तिथे अडकलेला योजनेचा कागद सुटला, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म मिळाला, आम्ही कुर्डुवाडीहून सिद्धेश्वरने येणारी माणसं, आम्हाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मास्कसाठी श्वास मोजायला शिकवलं आणि बाहेर कॅमेऱ्यात मी दिसतो, हात वर केला की मशीन थांबवतात, हे मला नेऊन दाखवलं. पुढच्या आठवड्यात बोट सहावर. उरलेल्या सगळ्या लाईट पूर्ण केल्या, हात एकदाच वर केला.

मुलीने नंतर मोबाईलवर शोधून सांगितलं की हे थर्मामीटर अमेरिकेतलं आहे. जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचार डॉक्टर बाई होत्या, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात त्यांनी १९७७ मध्ये पेशंटच्या मनाकडे बघायचं काम सुरू केलं. मानसिक आजार म्हटलं की पेशंट बिचकतो म्हणून मुद्दाम 'डिस्ट्रेस' असा साधा शब्द धरला. आणि पॉझिटिव्ह राहायच्या सक्तीला या बाई सरळ जुलूम म्हणायच्या. ताईंनी डिस्ट्रेसचं घालमेल केलं, यापेक्षा बरं भाषांतर तुमच्या अग्रलेखात पण मिळायचं नाही.

आमच्या शेजारी बार्शीला १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवतात, ग्रामीण भागातली देशातली पहिली, आम्हाला त्याचा अभिमान आहे. मग त्या ०-१० च्या आकड्याची नोंद ठेवायला काय अवघड आहे? वजनकाट्याशेजारी एक छापील चित्र, अर्धं मिनिट. पेशंटचं पण विचारा आणि सोबत आलेल्याचं पण. २०२५ च्या बजेटमध्ये जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर झालंय. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, त्याच आवारात. आकडा मोठा आला तर पेशंटला तिथपर्यंत कुणीतरी हाताला धरून नुसतं न्यायचं आहे, नुसती चिठ्ठी दिली तर तो जाणार नाही, मी पण गेलो नसतो.

आणि तुम्हाला एक विनंती. कॅन्सरच्या बातमीखाली दोन ओळीत टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापत जा, सरकारचा आहे, फुकट आहे, रात्री दोनला पण लागतो आणि मराठीत बोलतात. रात्री दोनच मी मुद्दाम लिहिलंय. आणि ते झुंज अपयशी काढा हो.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका. मला लाज नाही, तालुक्यात सगळे ओळखतातच. पण मुलीला स्थळं बघतोय आणि मागच्या महिन्यात एका पाहुण्यांनी, सगळं पसंत असताना, वडलांचं ऐकून पुढे कळवतो म्हणाले. या आठवड्यात बोट परत पाचवर आहे.

आपला,
एक वाचक, ता. माढा, जि. सोलापूर